किल्लीचा तिसरा दात

ता. ३ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

नाही, मला चष्मा लागलेला नाही. तू विचारलं नाहीस, पण गल्लीतला जो तो तेच विचारतो. चहावाला तर गिऱ्हाइकांदेखत म्हणतो, कुलूपवाल्याच्याच तोंडाला पानं पुसली! कोर्टानं खोलीचं खरेदीखत रद्द केलं. विकणारा भामटा, खरी मालकीण भलतीच. वकीलबाई म्हणतात, खोलीचे पैसे बुडाले, पण सरकारात भरलेलं मुद्रांक शुल्क परत मिळेल. प्रतिज्ञापत्रही टाइप करून आणलंय. मी काही सही करत नाही. खेटे कोण घालणार? तब्येत सांभाळ.

दादा

ता. ११ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

आधी हसले, मग डोकंच फिरलं. ते शुल्क माझ्या शिवणाच्या पैशांतून भरलंय, विसरलास? साक्षीदार म्हणून सहीही माझीच, त्या विकणाऱ्याला जन्मात पाहिलं नसताना. पोलिसांनी तासभर बाकावर बसवलं, शेजारीण बघून गेली. महिनाअखेर अर्जाची मुदत संपते. वकीलबाईंनी मला प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं, एकच तर ओळ आहे, ‘खरेदी करताना मला कसलाही संशय आला नाही.’ तेवढ्याला एवढे आढेवेढे? माझं मशीन धागा तोडतंय, नवं घ्यायचंय. रागावलेय, तरी माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

ता. १६ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

तीच ओळ घशाखाली उतरत नाही. खोली दाखवताना त्या भामट्यानं किल्ली माझ्या हातात दिली. पितळ नवंकोरं, तिसरा दात जरा खोल. माझी कानस तिथं नेहमीच खोल जाते. त्याच्या आठवडाभर आधी एक बाई साबणावरचा ठसा घेऊन आली होती, मी न विचारता किल्ली घासून दिली. तीच ही. घरमालकाला साबणावरून किल्ली कशाला करावी लागेल? दारातच कळलं मला. पण खोली स्वस्तात मिळत होती. गप्प बसलो. वर तुलाच दटावलं, फार चौकशा नकोत, सही ठोक.

काल वकीलबाईंकडून ती ओळ खोडवली. किल्लीचं लिहवलं, तुला सही करायला मीच लावलं तेही. मग सही केली. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, आता परतावा विसरा. तुझं मशीन मी घेऊन देतो, कसं ते माझं मी बघतो.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. यावर उलट पत्र पाठवून काही विचारू नकोस. सांगणार नाही.

दादा