निळ्या धुराची एकोणीस वर्षं

मी, बुरुलकान, दिवंगत तुर्दाकुन यांची पत्नी, वय बाहत्तर, राहणार नारीन शहर, वरची गल्ली, शेवटून दुसरं घर, हा कागद माझ्याच हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहीत आहे. मूत्रपिंडांनी साथ सोडली आहे आणि डॉक्टरीणबाई पुढच्या हिवाळ्याबद्दल बोलायचं टाळतात, पण डोकं जागेवर आहे. याच्याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही आणि याच्यानंतर करण्याइतका वेळ मिळेल असं वाटत नाही.

नोटरीबाई म्हणाल्या, आजी, यात इतिहास लिहायचा नसतो, कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा. मी म्हटलं, काय ते लिहिलं आणि का ते लिहिलं नाही तर मुलं त्या रिकाम्या जागेवरून भांडतील. त्यांनी मला जास्तीचे कागद दिले.

कलम पहिलं. राहतं घर, अंगण, गोठा आणि मागची सफरचंदाची चार झाडं धाकट्या मुलाला, सुयुनला. वडिलांचं घर धाकट्याचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे, त्यात मी नवीन काही करत नाही. माझ्या पतींनाही हे घर धाकटे म्हणूनच मिळालं, आणि त्यांचे थोरले बंधू लग्नानंतर नदीकाठच्या सपाट वस्तीत राहायला गेले. एक धाकटा डोंगराच्या उतारावर राहिला, एक थोरला सपाटीवर गेला. वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, पुढचं सगळं यातूनच झालं.

कलम दुसरं. शिवणयंत्र, माझ्या आईने केलेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, दोन मोठी जाजमं आणि चांदीच्या बांगड्या मुलीला, ग्युलझानला. बॉनेटवर घालायचा नमद्याचा तुकडा मात्र गाडीबरोबर जाईल. तो मी इंजिनासाठी केला होता, उणे तीस अंशात रात्रभर ऊब धरतो. पुस्तकं वाचनालयाला परत करावीत. त्यातली सहा त्यांचीच आहेत. वाचनालयाच्या मारियामबाईंना ते ठाऊक आहे आणि त्यांनी कधी मागितली नाहीत. सातवीत शाळा सुटलेल्या बाईसाठी त्यांनी वीस वर्षं कपाटं उघडी ठेवली, त्याबद्दल त्यांना माझी लोकरी शालही द्यावी.

कलम तिसरं. गाडी.

ही गाडी जर्मन बनावटीची, पांढरी, आमच्याकडे २००२ साली आली. माझ्या पतींनी तिच्यातून नारीन ते बिश्केक सवाऱ्या नेल्या, डोलोनचा घाट चढून-उतरून, एकोणीस वर्षं. ती त्यांना विकली त्यांच्या थोरल्या बंधूंनी. आमच्यात सुनेने थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं आणि मी एक्कावन्न वर्षांत घेतलेलं नाही, पण सरकारी कागदाला रिवाज चालत नाही, म्हणून लिहिते: जुमाकादिर. गाडी देताना ते म्हणाले होते, इंजिन स्वच्छ आहे, थेंबभर ऑइल पीत नाही.

महिन्याभरात ती निळा धूर सोडू लागली. रोज पहाटे माझे पती अंगणात बॉनेट उघडत, ऑइल मोजायची पट्टी ओढत, चिंधीने पुसून पुन्हा घालत आणि बाहेर काढून बघत. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. ते ओतत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डिकीत बटाट्याच्या पोत्याशेजारी ऑइलचा डबा कायमचा बसला. घाटाच्या माथ्यावर झऱ्यापाशी थांबले की इतर चालक तोंड धुवायचे आणि माझे पती बॉनेट उघडायचे. सवाऱ्या म्हणायच्या, तुर्दाकुन आके, तुमच्या घोडीला आमच्यापेक्षा जास्त तहान लागते. दोनदा इंजिन खोललं. रिंगा बदलल्या, सील बदलली. धूर तसाच.

आता, आमच्याकडच्या गाडीबाजारात धूर सोडणारी गाडी विकायची एक जुनी रीत आहे. आदल्या दिवशी दाट ऑइल ओतायचं. चार दिवस इंजिन गप्प बसतं, तोवर गिऱ्हाईक घरी पोचलेलं असतं. माझ्या पतींना वाटलं, सख्ख्या भावाने आपल्याशी हेच केलं. ग्युलझानच्या लग्नाच्या जेवणात, सगळ्या गणगोतासमोर, त्यांनी भावाला तसं विचारलं. थोरल्यांनी भाकरी हातात घेऊन शपथ वाहिली. माझे पती म्हणाले, "शपथेने धूर थांबत असता तर मी रोज वाहिली असती." थोरले भाकरी खाली ठेवून उठले. त्यानंतर दोघे जेवणासाठी अंथरलेल्या एका चादरीवर बसले नाहीत. एकाच शहरात, मधे एक नदी, आणि सोळा वर्षं एकही शब्द नाही.

२०२१ च्या शरदात माझे पती गेले. थोरले आले, रिवाजाप्रमाणे बाहेरूनच मोठ्याने रडत आले, आणि तो आवाज ऐकून शेजारच्या बायकांनी कामं थांबवली. पण जेवणाच्या वेळी माझ्या मोठ्या मुलाने, एर्निसने, त्यांच्यापुढे मानाचं हाड ठेवायचं सोडून पोरासोरांना देतात तो बरगडीचा तुकडा ठेवला. सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं आणि काही बोलले नाही. थोरल्यांनी तो खाल्ला, हात पुसले, दुवा मागितली आणि घरी गेले. हा माझा दोष, इथे नोंदवते.

पती गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी गाडीची पुस्तिका वाचायला घेतली. रशियनमध्ये आहे, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, दिवसाला दोन पानं. दुसऱ्या विधवा बाया कुराण वाचतात ते मला माहीत आहे आणि मी तेही वाचते. पण त्या पुस्तिकेवर त्यांच्या अंगठ्याचे काळे ठसे होते, म्हणून ती वाचली. त्यातून मला कळलं की इंजिनात लोखंड लोखंडाला लागत नाही. मधे ऑइलचा एक पडदा असतो, केसाहूनही बारीक, आणि घाटातला सगळा भार, पाच माणसं, बटाटे, बर्फ, सगळं त्या पडद्यावर तोललेलं असतं. मी शिवणकाम केलेली बाई. इतक्या पातळ वस्तूवर इतकं वजन राहतं हे वाचून मी पुस्तिका मिटली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसले. माझा नवरा रोज त्या पडद्यावर बसून घरी परत येत होता.

सत्तेचाळिसाव्या पानावर ठसा नव्हता. ऑइल कसं तपासायचं याचं ते पान. ते कोण वाचतो? तिथे लिहिलं होतं: गाडी सपाट जागेवर उभी असावी.

मी खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या अंगणात धुण्याचं पाणी ओतते आणि ते घरापासून फाटकाकडे पळत जातं. गाडी नेहमी तोंड घराकडे करून, चढावर उभी, कारण नदीवरचा वारा इंजिनाला लागू नये. मोजायची पट्टी इंजिनाच्या पुढच्या टोकाला. गाडीचं नाक वर असलं की ऑइल मागे सरकतं आणि पट्टी कोरडी राहते. घाटातला झराही चढावरच आहे.

पतींनंतर गाडी सुयुन चालवतो; त्याला म्हटलं, मला शर्यतीच्या मैदानावर घेऊन चल. घोडे पळतात ते मैदान आमच्या शहरात सगळ्यांत सपाट. त्याला वाटलं आईला मोकळी हवा हवी आहे. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबले आणि स्वतः पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं. घरी आलो, अंगणात पुन्हा काढली. खालच्या खुणेच्या खाली. तेच ऑइल, तीच पट्टी, तेच डोळे.

गाडी ऑइल पीत नव्हती. आम्ही तिला रोज गरजेपेक्षा जास्त पाजत होतो आणि ती जास्तीचं जाळून, धुरातून परत टाकत होती, पोटात मावेल तेवढंच ठेवून. दुसऱ्या पहाटे आम्ही पुन्हा पाजत होतो. एकोणीस वर्षं तिने हे सोसलं आणि घाटात एकदाही बंद पडली नाही. थोरल्यांच्या सपाट अंगणात तिने थेंबभर ऑइल प्यायलं नव्हतं, ते खरं होतं. आमच्या अंगणात पट्टी रोज कोरडी होती, तेही खरं होतं. दोन भाऊ खरं बोलत होते आणि मधे फक्त जमीन कलली होती, हाताच्या दोन वितींनी. त्या दिवसापासून मला डोंगराकडे नुसतं बघवत नाही. एवढा मोठा, आणि एवढ्या हलक्या हाताने काम करतो.

ऑइल बघायचं काम मी माझ्याकडे घेतलं. धूर थांबला. सुयुन गल्लीभर सांगत फिरला की नव्या दुकानाचं ऑइल फार चांगलं. दुकानदाराने त्याला एक डबा फुकट दिला. मी गप्प राहिले, तीन वर्षं. खरं सांगायचं तर माझ्या पतींना बोलण्याची संधी उरली नव्हती, आणि ज्याला माफी मागता येत नाही त्याची चूक मी कशी उघडी पाडू, हे मला कळत नव्हतं.

या वसंतात डॉक्टरीणबाई गप्प झाल्या तेव्हा मी एर्निसला बोलावलं आणि दोन्ही जागी पट्टी त्याच्याच हाताने काढायला लावली. अंगणात तो फाटकाला टेकून खालीच बसला.

"अपा, हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला आता खोटं पाडायचं?"

"खोटा तो नव्हताच."

"लोक काय म्हणतील? तुर्दाकुनला ऑइल बघता येत नव्हतं. एकोणीस वर्षं घाट चालवलेला माणूस."

"म्हणू देत. तुझे काका त्र्याऐंशीचे आहेत. ते चोर म्हणूनच गेले तर चालेल का तुला?"

जाताना तो एवढंच म्हणाला की निदान कागदावर नको. म्हणूनच हे कागदावर आहे. तोंडी सांगितलेलं अंत्यविधीच्या चहाबरोबर संपतं.

तेव्हा: गाडी, नमद्याच्या तुकड्यासह, थोरला मुलगा एर्निस याला. अटी दोन. दर उन्हाळ्यात त्याने काकांना गरम पाण्याच्या झऱ्यांवर न्यावं, पुढच्या सीटवर बसवून. आणि घरात जेव्हा जेव्हा मेंढरू कापलं जाईल, तेव्हा मानाचं हाड कुणापुढे ठेवायचं हे त्याला पुन्हा सांगावं लागू नये. सुयुनने अंगणात चार चाकांपुरते दगड रचून सपाट जागा करावी. बाकीचं अंगण आहे तसं राहू द्यावं, पाणी वाहून जायला बरं पडतं.

कलम चौथं. पतींची हत्यारं, पान्यांच्या पेटीसकट, बिश्केकच्या रस्त्यावरच्या यूसुप मिस्त्रीला. त्याची शेड सपाटीवर आहे. एकदा त्याने पट्टी बघून म्हटलं होतं, आके, ऑइल जास्त झालंय. माझे पती हसले आणि म्हणाले, सकाळीच ओतलंय, संध्याकाळी बघ कुठे जातं ते. घरी येऊन त्यांनी मला तो विनोद म्हणून सांगितला, आणि मीही हसले. यूसुपला हत्यारं देताना कारण सांगावं.

कलम पाचवं. माझ्या अंत्यविधीच्या जेवणासाठी घोडी कापू नये. एक मेंढरू पुरे. मला पतींच्या शेजारी ठेवावं. ती जागा सपाट आहे, मी पाहून आले आहे.

आता साक्षीदारांबद्दल. नोटरीबाईंनी सांगितलं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. शालीचं ऐकून मारियामबाई म्हणाल्या, शाल राहू दे, मी सही करते. वरचं शालीचं वाक्य म्हणून रद्द समजावं.

दुसऱ्या साक्षीदाराकडे मी स्वतः गेले, नदी ओलांडून, काठी टेकत. चहा झाल्यावर सगळं सांगितलं, सपाट जागा, पट्टी, पान सत्तेचाळीस. थोरले कान देऊन ऐकत होते. मला ते अजून केलिन, म्हणजे नवी सूनच, म्हणतात.

"केलिन," ते म्हणाले, "मला शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं, ज्याच्याकडून मी घेतली त्यानेच दाट ऑइल ओतलं असेल, आणि मी नकळत खोटी शपथ घेतली. भाकरीवर. रोज जेवायला बसलो की तेच."

मी थोरल्या दिराला म्हणतात तसं काइनागा म्हटलं आणि सांगितलं, तुमचं आमच्याकडे राहिलेलं एक काहीतरी तुम्हाला द्यायचं आहे. गाडी घ्या, नाहीतर साक्षीदार म्हणून सही करा. कायद्याने दोन्ही होत नाही.

"गाडी घेऊन काय करू? ऑइल आता माझ्या गुडघ्यांना लागतं," ते म्हणाले. मग चष्मा शोधायला उठले. "सही करतो. आधी सगळं वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. तिसरं कलम त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

वरील सगळं मी पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून लिहिलं आहे. चुका असतील त्या माझ्या.

नारीन, १४ मे २०२५

सही: बुरुलकान

साक्षीदार पहिल्या: मारियाम अकुनोवा, ग्रंथपाल, नारीन. मृत्युपत्रकर्तीने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे, स्वतःच्या हस्ताक्षरात: मी, जुमाकादिर, दिवंगत तुर्दाकुन याचा थोरला भाऊ, या कागदाला साक्षी आहे. सही माझ्यासमोर झाली. आणखी एक लिहितो, नोटरीबाई नको म्हणाल्या तरी: माझा भाऊ जे बोलला ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तो खोटं बोलला नाही. याला मी साक्षी आहे.