मार्कोची दुपारची उशी

प्रिय लारिसा,

मार्कोचा ताप उतरला असं तू फोनवर सांगितलंस आणि मी स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले. फुप्फुसात साठलेला कफ सुटतोय, म्हणजे पुढच्या आठवड्यात पोरगं घरी. पण त्याची दुपारची खोकायची कसरत चुकवली म्हणून फिजिओथेरपिस्ट जोव्हेलिनविरुद्ध तू तक्रार केलीस, हेही सांगितलंस.

एकतीस वर्षं मी एडमंटनमध्ये तिचंच काम केलं. मार्कोसारख्या हृदयाचं ऑपरेशन झालेल्या पोरांना छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावायचं, साबणाचे फुगे उडवायला लावायचे. पोरं मला 'खोकलाबाई' म्हणायची. आणि त्यांच्या आया तर विचारूच नकोस! "आजचा दिवस राहू द्या ना, दुखतंय हो त्याला," म्हणून गयावया करायच्या. मी त्यांना सरळ दाराबाहेर काढायची. "तुमची माया उद्या कफ होऊन एक्स-रेत दिसेल," म्हणायची. केवढा तोरा होता मला!

जोव्हेलिन नवी आहे, पण गुणाची आहे. पहिल्याच दिवशी मार्कोने विचारलं, "टाके उसवले तर?" तर ती म्हणते कशी, "उसवले तर आजीला शिवायला बसवू. नाहीतरी बसून कंटाळल्यात त्या!" तो हसला आणि हसता हसता छान खोकला. मला हे जमायला दहा वर्षं लागली होती.

मंगळवारी दुपारी तू आंघोळीला घरी गेलीस. लारिसा, जोव्हेलिन वेळेवर आली होती. मार्कोने माझं बोट घट्ट धरलं. "आजी, आज नको ना." आणि मी तिला म्हटलं, "जा गं तू. संध्याकाळी मी करून घेते." तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी माझी एकतीस वर्षं तिच्या तोंडावर फेकली. संध्याकाळी तो झोपला होता. मी उठवलं नाही.

तिने तुझ्यापाशी माझं नाव घेतलं नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. या पत्राची प्रत मी आजच तिच्या वरिष्ठांना देऊन आले. तू माझ्यावर रागाव, तुझा हक्कच आहे. पण मार्को घरी आला की दुपारची उशी माझ्याकडे दे. तू दारात उभी राहा. त्याने माझं बोट धरलं आणि मी विरघळले, तर मला बाहेर काढ.

तुझीच,
आई