बांधावरचं पान

बाबा, आज घरात कोंबडी भाजली. मडक्यात नाही, ओव्हनमध्ये. माझ्या लेकीनं हौसेनं आणलाय तो. मोबाइलवर बघून तिनं मला यादी वाचून दाखवली: कोंबडी, वांगी, लाल भोपळा, ढोबळी मिरची, कांदे, आणि वरून ओतायला हिरव्या पानांचं आंबट ड्रेसिंग. ड्रेसिंग म्हणे! कैरी, पुदिना, कोथिंबीर, लसूण नि मिरची वाटून जरा पातळ केली की झालं ड्रेसिंग. मी म्हटलं, अगं बाई, हे तुझा आजा भर उन्हात बांधावर बसून करायचा, त्याला कुठला आलाय मोबाइल. ती हसली. मग वीसेक मिनिटांनी वास सुटला. ओव्हनच्या काचेत माझ्यामागं कुणीतरी उकिडवं बसलंय असं वाटलं. मी वळून बघितलं नाही. दर उन्हाळ्यात, बाजारात कैरी आली की असं होतं, आणि मी कधीच वळून बघत नाही.

मी अकरा वर्षांची होते. राहनाळच्या अलीकडं आपलं शेत, विहिरीला लागून तुझी वांगी आणि भोपळ्याचा वेल. मडक्यात भाजायची पोपटी सगळं गाव थंडीत लावतं, भांबुर्ड्याचा पाला मिळतो तेव्हा. तुझं एक मडकं मात्र ऐन वैशाखात लागायचं, राब भाजायच्या आदल्या दिवशी. भाताचं रोप करायच्या तुकड्यावर वाळक्या फांद्या नि पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, त्याआधी शेताच्या राखणदार देवाला कोंबडीचा वाटा द्यायचा, ही आपल्या घरची रीत. भांबुर्डा नसायचा म्हणून तू मडकं केळीच्या पानांनी गच्च भरायचास. आत कोंबडी, अख्खी वांगी, भोपळ्याच्या फोडी, कांदे. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा, आणि मग तू कान देऊन बसायचास. वरून पाण्याचा शिपका मारला आणि चर्र होऊन लगेच सुकला की झालं.

त्या दिवशी तो शिपका मी मारला, तुला न विचारता. वर पाट्यावरची चटणी बोटानं चाटली. तू माझ्या हातावर फटका दिलास. "अगो बाय, आधी त्याचा वाटा! तो उपाशी हाय न् तू चाटतेस?" फटका काही जोराचा नव्हता रे. पण आय बघत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जेवायलाच बसले नाही. तू दोनदा हाक मारलीस. म्हणालास, "खाऊन तर बघ, कशी झालीया सांग." मी तोंड फिरवून बसले. माझा राग तुला ठाऊक आहे, तुझाच आहे तो.

तू पानावर मानेचा तुकडा, एक तंगडी, वांगं, भोपळा वाढलास, वर कैरीची चटणी, आणि पान बांधावर आंब्याखाली ठेवलंस. सकाळी पान रिकामं दिसलं तर ही राखण त्याला पोचली. कावळा खाईल, कुत्रं खाईल, तो कुठल्याही रूपात येतो असं तू म्हणायचास. पान तसंच राहिलं तर त्याचा रुसवा आहे. मग चार दिवस थांबायचं, आणि फांद्यांच्या ढिगाला लांबून काठीनं बडवल्याशिवाय हात लावायचा नाही. आदल्या वर्षी पान तसंच राहिलं होतं. तू काठी घेऊन प्रत्येक ढीग झोडपला होतास, आणि आय हसून म्हणाली होती, आता पुरे, त्या फांद्यांची माती होईल.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आय विहिरीवर होती, तू बैलांना पाणी दाखवत होतास. मी बांधावर गेले आणि ते पान खाल्लं. सगळं खाल्लं, बाबा. भूक होती, पण नुसती भूक नव्हती. घरात आयनं माझा वाटा झाकून ठेवला होता, तो मला नको होता. तू ज्याच्यासाठी मला मारलंस ना, त्याचंच खायचं होतं मला. हाडं विहिरीमागच्या काट्यांत टाकली. पान चाटूनपुसून परत होतं तिथं ठेवलं.

सकाळी तुझा आनंद काय सांगू! तू ते पान आयला दाखवायला घेऊन आलास. "बघ, चटणीचा डागसुद्धा न्हाय ठेवला. यंदा कैरी आवडली त्याला." मी चुलीपुढं बसून चहा पीत होते. मला हसू येत होतं. खरं सांगते, हसू येत होतं. तू काठी घेतलीच नाहीस. पान रिकामं असताना काठी घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं म्हणालास आणि ढिगात दोन्ही हात घातलेस. घोणस होती आत.

शेजारचा टेम्पो कापडाचे तागे घेऊन निघाला होता, त्यातच तुला घातलं. पुढं आय, मागं ताग्यांवर तू नि मी. टेम्पोवाला सारखा मागं बघून ओरडत होता, "चाचा, आँख बंद मत करना! बस, आ गया!" तू डोळे उघडे ठेवले होतेस, पण माझ्याकडं नाही, वर बघत होतास. कशेळीकडून येणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. मग तू विचारलंस, "बाय, पान रिकामं होतं ना गो?"

मी म्हटलं, "हो."

"मंग खाऊन फिरला तो," तू म्हणालास. "एवढी वर्सं दिलं त्याला. खाऊन फिरला." तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते विषानं आलं असं डॉक्टर म्हणाले असते, पण मी बघत होते. तुला विषापेक्षा ते जास्त लागलं होतं. दवाखान्याच्या दारात तू गेलास.

आयनं त्यानंतर राखण दिली नाही. मरेपर्यंत बांधाकडं बघून शिव्या घालायची, खाल्ल्या अन्नाला जागला नाही मेला. आपल्या घरात आजही त्याला बेइमान म्हणतात. माझी लेक तीच गोष्ट ऐकून मोठी झाली, आणि सांगणारी मी.

आज दुपारी मी एक वाटा पानात बांधून तिकडं गेले. शेताच्या जागी गोडाऊन आहे, आंब्याच्या जागी भिंत. भिंतीशी पान ठेवलं आणि बसले. तुला नाही, त्याला सांगायला गेले होते, मोठ्यानं, की राखणदारा, तुझा वाटा मी खाल्ला, तू आमचं काहीच खाल्लं नव्हतंस. तोंड उघडेना. गेटवरचा वॉचमन येऊन म्हणाला, "भाभी, किसी का इंतज़ार है?" मी म्हटलं, नहीं भैया, आणि उठले. पान तिथंच आहे. उद्या सकाळी मी बघायला जाणार नाही.

म्हणून घरी येऊन हे तुला लिहिलं. तो फिरला नव्हता, बाबा. त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. तेवढं एक वाक्य टेम्पोत बोलले असते तर तू निदान त्याच्यावर रुसून गेला नसतास. माझ्यावर रुसला असतास, आणि माझ्यावरचा तुझा राग कधी दुपारपलीकडं टिकला नाही. हा कागद लेकीला दाखवण्याची हिंमत नाही माझ्यात. तांदळाच्या डब्यात तळाशी घालून ठेवते, दुसरीकडं कुठं ठेवू?

आणि तू विचारलं होतंस ना, कशी झालीया. फार छान झाली होती.