कठड्याखालची पट्टी

आरेन्दाल, ३ जुलै २०११

चि. ओद्वार यास,
गुन्वोरताईचे अ. आ.

फोनवर तू नुसता हं-हं करतोस, म्हणून कागदच पुढे ओढला. हेर्दिस काल दवाखान्यातून घरी आली. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, हे तुला कळवलंच होतं. बाकी पोरगी धडधाकट आहे. हेल्मेट आणि जाड जाकीट नसतं तर निभावलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आल्या आल्या कुबड्यांवर स्वयंपाकघर गाठून तिने वॅफल करपवले, तेव्हा फार काळजी करू नकोस.

मला एकच उमगत नाही. पोलीस म्हणतात, मोटरसायकलचा वेग जेमतेम चाळीस होता. वळणावर बारीक खडी होती, गाडी घसरली, बस. तिचा मित्र आस्लाक गेल्या साली नव्वदच्या वेगात पडला, कुरणात घसरत गेला आणि कपडे झटकत उठला. मग आमच्याच पोरीचं असं का व्हावं? तिथल्या रस्त्याकडेचे कठडे तूच ठोकलेस, तुला ठाऊक असणार. आणि महिना झाला, भाचीला बघायला फिरकला नाहीस. बर्फ लोटायची गाडी जुलैत कुठे चालवतोस रे?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


ब्योर्नदाल, ११ जुलै

ती. ताईस,
ओद्वारचा शि. सा. न. वि. वि.

दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा चुलीत घातलं.

पडलेला माणूस कशावर जाऊन आदळतो, त्यावर सगळं असतं, ताई. आस्लाकला पुढे मोकळं गवत मिळालं, घसरता घसरता वेग जिरला. हेर्दिस कठड्याखालून सरकली ती थेट खांबावर. खांब जागचा हलत नाही, त्याच्यापुढे चाळीसचा वेगही पुष्कळ झाला. म्हणूनच अवघड वळणांवर कठड्याच्या खाली आणखी एक लोखंडी पट्टी लावतात. माणूस तिला घासत पुढे जातो, खांबाला लागत नाही.

त्या वळणावर पट्टी होती. मीच लावली होती. पण ती असली की लोटलेला बर्फ पलीकडे दरीत जात नाही, रस्त्यातच साचतो. म्हणून दर नोव्हेंबरात मी ती कुणालाही न विचारता काढतो आणि बर्फ वितळला की परत लावतो. यंदा कंबर धरली होती. आज लावू, उद्या लावू करत जून उजाडला. पट्टी अजून माझ्या कोठारात पडली आहे.

म्हणून आलो नाही. कुठल्या तोंडाने येऊ? रस्ते खात्याच्या कार्यालयात सांगून टाकलं आहे. हेर्दिसला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

लोभ मागायची लाज वाटते, तरी मागतो.
ओद्वार


आरेन्दाल, १९ जुलै

चि. ओद्वार यास, अ. आ.

आशीर्वाद लिहावा की नाही, याचा विचार करावा लागला. दोन दिवस घरभर आदळआपट केली. तुला मनसोक्त शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पत्र हेर्दिसला वाचून दाखवलं, कारण पाय तिचा गेला, ठरवणारी मी कोण? तिने ते दोनदा वाचायला लावलं आणि एवढंच विचारलं, की मामाने अशा किती वळणांच्या पट्ट्या काढल्यात? तो आकडा तुलाच ठाऊक. तिलाच लिही.

गुन्वोर


ब्योर्नदाल, २४ जुलै

चि. हेर्दिस हिस, अ. आ.

सात. कामावरून मला काढलं आहे, पण पट्ट्या बसवून होईपर्यंत ठेवलं आहे. सहा बसल्या. सातवं तुझं वळण. दोनदा तिथवर गेलो, पण गाडीतून न उतरताच परत आलो. थोडा धीर आला की लावतो. माफ कर म्हणायची हिंमत नाही.

तुझा मामा


आरेन्दाल, २८ जुलै

ती. मामास, सा. न. वि. वि.

तुला धीर येईपर्यंत त्या वळणावरून किती जण जातील? हे पत्र वाचून झालं की आधी जा आणि पट्टी लाव. रडू आलं तर रडत लाव.

मग शनिवारी जेवायला ये. मी तुझ्यावर फार रागावले आहे. तो राग कागदावर नाही काढायचा मला, तू समोर बसलेला हवास.

वाट बघते.
हेर्दिस