अर्थिंगच्या पट्टीखालचा रंग

प्रिय भिंगरी,

अक्षर लागत नसेल तर चष्मा बदल, माझ्याकडून आता सुधारणा होणार नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदाला लागले. कागद मधेच कट करता येत नाही.

तुझे आजोबा अंथरुणाला खिळलेत. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. मी बडबडते, ते ऐकतात. तसं आमचं आधीही हेच होतं. आवारातला तो लष्करी ट्रक मात्र उभा आहे तसाच उभा. जागेच्या मालकानं तगादा लावलाय. घेणारा एक भेटला, पण चालू झाला तर चालवत नेईन म्हणतो. नाहीतर भंगारवाला इथंच कापणार. म्हटलं, कापू कशाला द्यायचा? आपणच बघू.

हसू नकोस. ते ट्रकखाली आणि मी केबिनमध्ये इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या सेल्फच्या बटणावर पाय ठेवून, असा आमचा अर्धा संसार झालाय. ते खालून दाब म्हणून ओरडायचे, सोड म्हणून ओरडायचे, आणि माझं लक्ष नसलं की शिव्या. एवढ्यात गाढवसुद्धा मिस्त्री झालं असतं.

दोन्ही बॅटऱ्या भरून आणल्या. दिवे लख्ख. पण बटण दाबलं की नुसतं टक, पुढे ढिम्म, आणि दिवे मेल्यागत मलूल. इथंच आजवरच्या प्रत्येक मिस्त्रीनं सेल्फ जळाला म्हणून हात झटकले होते. मी डिझेल बंद ठेवलं, जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला लावलं, दुसरं इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि शेजारणीला बटण दाबायला बसवलं. इंजिन असं गरगरलं की बया किंचाळून खाली उतरली. म्हणजे सेल्फ ठणठणीत. विजेला जायला वाट होती, परत यायला नव्हती. ती परतीची वाट म्हणजे सांगाड्यावर, चासीवर, बोल्टनं आवळलेली अर्थिंगची पट्टी. ती खोलली. खाली हिरव्या रंगाचा जाड थर.

तुझ्या बापाचा रंग. शेवटचा आला तेव्हा गंज चढू नये म्हणून सगळं खोलून रंगवत बसला होता. उत्साह फार, अक्कल बेताची. पट्टीखालची जागासुद्धा सोडली नाही, आणि रंगातून वीज जात नाही. सुकला की बाबांना फिरवून आणतो म्हणाला. रंग सुकायच्या आत आपण त्याला पोचवून आलो.

त्या दिवशीही आजोबा ट्रकखाली जाऊन पडले, डोळ्यांत टिपूस नाही. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, यांना लेकापेक्षा लोखंड प्यारं. तेव्हापासून तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस. आता ऐक. हा माणूस गॅरेजात शिकायला येणाऱ्या नव्या पोरांना पहिला दम हाच द्यायचा की आधी अर्थिंग बघ, मग बाकीचं. आणि इतकी वर्षं त्यानं या पट्टीचा बोल्ट तेवढा कुणाला खोलू दिला नाही. सरक तिकडून, मी बघितलाय, म्हणायचा. परवा मी त्यांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना? त्यांनी चांगला हात उचलला आणि तोंडावर घेतला.

पॉलिश कागदाचे दोन हात मारले की काम फत्ते. मेलेल्याच्या रंगाला काय कुरवाळायचं, असं म्हणत खाली गेले आणि तशीच वर आले. ट्रकचं मी बघून घेईन, त्याच्यासाठी तुला लिहीत नाही. डॉक्टर हल्ली आत येऊन बसत नाही, दारातूनच माझ्याशी हळू बोलतो आणि जातो. कडी वाजली की आजोबा मान उचलतात, मी दिसले की पुन्हा टाकतात. मला पुष्कळ बघवतं, हे बघवत नाही. निघ. माफीबिफी मागू नकोस, त्यांना बोलता येत नाही आणि मला ऐकवत नाही. नुसती त्यांच्या उजव्या बाजूला बस. तिकडचा हात अजून घट्ट धरतो.

तुझीच,
तोंडाळ म्हातारी