समुद्राची पाळ

लिलाधरच्या मायले,

तुझा गुडघा कसा आहे? लेक रंजूचा खोकला थांबला का? नात खुशबू नीट जेवते ना? मी इथं लिलाधरजवळ बरा आहे.

काल लिलाधरनं सुट्टी काढून मले समुद्राकाठचं राष्ट्रीय उद्यान दाखवलं. पायवाटेनं पुष्कळ फिरलो. दुपारी पाहतो तर पाणी मागं सरकलेलं, चिखल उघडा! आपला जन्म तलावावर मासे धरण्यात गेलेला, मले वाटलं बांधच फुटला. मी ओरडलो, "पाळ फुटली, धावा रे!"

सारे हसले. लिलाधरही हसला. "बाबा, ओहोटी आहे ते. रोजच होते."

मग तू सांगितलेलं त्याले विचारलं, गावी केव्हा येतो?

"तलावावर आता मले जमत नाही, बाबा. इथंच राहतो."

पोरगा सुखात आहे, रडू नको. त्याच्यासाठी विणून राहिली ते जाळं आता राहू दे, उगाच डोळे ताणू नको.

चार ओळी लवकर धाड.

लिलाधरचे बाबा