पहिली वायर कोणी टेकवली

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, गुडघाही दुखत नाही. आईला एवढंच वाचून दाखव.

पुढचं तुझ्यापुरतं. आमचं काम बारगळलं. मी नक्की शोधते काय, असं तू विचारायचास. तुझ्या दुकानात फार दिवस पडून राहिलेला जनरेटर येतो. इंजिन फिरतं, पण वीज येत नाही, कारण आतलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असतं. मग तू बॅटरीच्या वायरी क्षणभर टेकवतोस आणि दिवा लागतो. आकाशगंगांमध्येही चुंबकत्व आहे. फिरता फिरता ते वाढलं, हे कळतं. पण विश्व अगदी नवं असताना पहिली वायर कोणी टेकवली, ते मी शोधत होते.

त्याची खूण सापडली म्हणून तू गिऱ्हाइकांना चहा पाजला होतास. ती खूण नव्हती रे. आपल्याच आकाशगंगेतली धूळ होती. आमच्या प्रमुख बाईंनी कप विसळता विसळता सांगितलं. खरी खूण त्या धुळीमागे असलीच, तरी आपल्या हयातीत दिसायची नाही.

परत ये म्हणशील. येऊन करू काय? रोज उठते, आवरते, जाऊन खुर्चीत बसते. सगळं फिरतं, दिवा तेवढा लागत नाही.

आईचा खोकला कसा आहे? आणि तो शाळेचा लाल जनरेटर, बॅटरी लावूनही उठत नव्हता, त्याचं काय झालं? मोडीत घातला असशील तर कळवू नकोस.

तुझी,
धाकटी